मृत्युपत्रातून शाळेकडे

३० ऑक्टोबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या लेडीस्मिथ गावाबाहेर इंग्रज फौजेने बोअरांकडून सपाटून मार खाल्ला. त्या दिवशी पडलेल्यांत मेजर विल्यम जोसेफ मायर्स हा चाळिशी नुकतीच ओलांडलेला अधिकारी होता. १८८०च्या दशकात इजिप्तमध्ये नेमणुकीवर असताना त्याला जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला होता. निळ्या-हिरव्या झिलईची भांडी, ताईत, छोट्या मूर्ती असं तो पारखून घेत गेला आणि बघता बघता त्याचा संग्रह जाणकारांनी नाव घ्यावं असा झाला. मृत्युपत्र उघडलं तेव्हा हा सगळा ठेवा त्याने आपल्या शाळेला, ईटनला ठेवल्याचं दिसलं. एवढा मोलाचा संग्रह एखाद्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे जावा अशी कोणाचीही अपेक्षा असती. पण मायर्स ईटनच्या वसतिगृहात वाढलेला. मधली काही वर्षं तर तो तिथल्याच मुलांच्या स्वयंसेवक तुकडीवर अधिकारी म्हणून परत आलेला. आज तो संग्रह त्याच्याच नावाने ओळखला जातो.

माजी विद्यार्थी शाळेला देणग्या देतात, त्यात नवल नाही. पण निवासी शाळेचं प्रकरण जरा वेगळं असतं. दिवसाच्या शाळेतून मूल संध्याकाळी घरी येतं. बोर्डिंगमधल्या मुलाचं जेवण, आंघोळ, आजारपण, भांडणं, घरच्या पत्राची वाट बघणं हे सगळं त्या एका आवारात होतं. शिक्षण तर तिथे मिळतंच, वर पाच-सात वर्षांचं अन्नही मिळतं. त्यामुळे उतारवयात मालमत्तेची वाटणी करताना मुलाबाळांच्या यादीत शाळेचं नाव आलं तर ते घरच्याच माणसाचं नाव असतं.

भावना समजण्यासारखी आहे. मात्र मृत्युपत्रातल्या देणगीला एक गोष्ट कायमची चिकटलेली असते. ती अमलात येते तेव्हा देणारा हयात नसतो. अर्थ विचारायला, शंका फेडायला, ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ सांगायला तो येऊ शकत नाही. म्हणून देताना तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर पक्की असावी लागतात. काय द्यायचं, कोणत्या अटीवर द्यायचं आणि ते सांभाळणार कोण.

शंभर पौंड की आठ एकर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडमधल्या रग्बी शाळेच्या इतिहासात मिळतं. लॉरेन्स शेरिफ हा लंडनमधला किराणा-मसाल्याचा व्यापारी, खुद्द पहिल्या एलिझाबेथ राणीच्या घरी माल पोचवणारा. तो मूळचा रग्बीकडचा. तिथे तेव्हा शाळाच नव्हती, त्यामुळे हा माजी विद्यार्थी नव्हे, गावचा ऋणको. जुलै १५६७मध्ये त्याने मृत्युपत्र केलं आणि गावात शाळा काढण्यासाठी इतर तजविजींबरोबर शंभर पौंड रोख ठेवले. महिनाभरातच त्याने विचार बदलला. पुरवणी जोडून त्याने ते शंभर पौंड रद्द केले आणि त्याऐवजी लंडनच्या वेशीबाहेरच्या आपल्या कुरणाचा एक तृतीयांश हिस्सा, म्हणजे सुमारे ८ एकर, शाळेच्या नावे केला. काही आठवड्यांत तो वारला.

त्या वेळी कुरणाला फारशी किंमत नव्हती. पुढे लंडन पसरत गेलं आणि ते कुरण शहराच्या पोटात आलं. त्यावर रस्ते झाले, घरं उठली, भाडी येऊ लागली. एका बाजारगावची साधी शाळा इंग्लंडच्या नामांकित निवासी शाळांत जाऊन बसली, त्यामागे या भाड्याचा मोठा हात आहे. लंडनच्या त्या भागात आजही रग्बी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. शंभर पौंड रोख राहिले असते तर पहिल्या दोन-तीन पिढ्यांतच त्यांचा फडशा पडला असता.

यावरून जमीनच द्यावी असा निष्कर्ष कोणी काढेल, तर तो आपल्याकडे चालणार नाही. मुद्दा जमिनीचा नसून वाढणाऱ्या उत्पन्नाचा आहे. आजच्या काळात त्याचं गणित साध्या आकड्यांत मांडून बघू.

समजा, एका माजी विद्यार्थ्याने वसतिगृहाला २५ लाख रुपये कायम निधी म्हणून ठेवले. मुद्दल मोडायची नाही, फक्त व्याज वापरायचं. ७ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ७५ हजार रुपये येतात. एका विद्यार्थिनीचा वर्षाचा खर्च ३५ हजार धरला तर पाच मुलींची सोय झाली. सत्कार होतो, फलक लागतो. पण महागाई वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत असेल तर चौदा-पंधरा वर्षांत तोच खर्च ७० हजारांवर जातो. व्याज तेवढंच, मुली अडीच. आणखी तेवढ्याच वर्षांनी जेमतेम एक. मुद्दल कागदावर शाबूत असते, पण तिच्यातली ताकद गेलेली असते. जुन्या शाळांच्या बक्षीस समारंभात ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ रुपये एकावन्न’ असं पुकारलं जातं, तेव्हा हेच घडलेलं असतं. कोणे एके काळी त्या एकावन्न रुपयांत वर्षभराची पुस्तकं येत असतील.

यावर उपाय आहे, पण तो मन घट्ट करून करावा लागतो. व्याजातला महागाईएवढा वाटा, म्हणजे १ लाख २५ हजार, दरवर्षी मुद्दलात परत घालायचा आणि उरलेले ५० हजारच खर्चायचे. मग आज पाचऐवजी एकाच मुलीची सोय होते, थोडे पैसे उरतात. पण पन्नास वर्षांनीही एका मुलीची सोय होतच राहते. आज पाच की कायम एक, हे देणाऱ्याने ठरवायचं असतं. त्याने ठरवलं नाही तर संस्थेचे विश्वस्त ठरवतात, आणि समोर रिकाम्या ताटांची रांग दिसत असताना ते बहुधा आजचाच विचार करतात. त्यात भर म्हणजे आपल्याकडे आयकरातून सूट घेणाऱ्या धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के आपल्या उद्दिष्टांवर खर्चावेच लागतात. अधिक शिल्लक टाकायची तर ठरावीक कारण दाखवून नियमांची चौकट पाळावी लागते. हा हिशेब सबंध संस्थेचा असतो, एकेका निधीचा नाही. त्यामुळे वाट निघते, पण मृत्युपत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच कोषाध्यक्ष ती शोधतो.

दहा फुटांची भिंत

दुसरा प्रश्न अटींचा. अट किती खोल जाऊ शकते आणि किती काळ छळू शकते, हे फिलाडेल्फियाच्या जिरार्ड कॉलेजने दाखवलं. नावात कॉलेज असलं तरी ती निवासी शाळा आहे. स्टीफन जिरार्ड हा फ्रान्समधून आलेला खलाशी पुढे अमेरिकेतला गडगंज सावकार झाला. पोटी मूलबाळ नाही. १८३१मध्ये तो वारला आणि शाळेसाठी त्याने २० लाख डॉलर वेगळे काढून ठेवले. उरलेल्या मालमत्तेचा मोठा वाटाही तिच्याकडेच वळवला. मृत्युपत्र इतकं बारकाईचं की आवाराभोवतीची भिंत किमान १० फूट उंच आणि १४ इंच जाड असावी, हेही त्यात होतं. कोणत्याही पंथाच्या धर्मोपदेशकाला आत पाऊल ठेवू द्यायचं नाही, ही एक अट. आणि प्रवेश कोणाला? गरीब, गोऱ्या, अनाथ मुलग्यांना.

नातेवाईक कोर्टात गेले. धर्मोपदेशकांना बंदी घालणारं दान धर्मादाय कसं म्हणायचं, असा युक्तिवाद डॅनियल वेबस्टरसारख्या नावाजलेल्या वकिलाने केला. १८४४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्राच्या बाजूने निकाल दिला आणि १८४८च्या पहिल्या दिवशी शाळा उघडली. पुढची शंभरेक वर्षं हजारो अनाथ मुलं तिथे जेवली, शिकली. दरम्यान भिंतीबाहेरची वस्ती बदलत गेली. तिथे कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला आली आणि त्यांच्या मुलांना समोरच्याच शाळेचं दार बंद होतं.

जिरार्डने विश्वस्त म्हणून फिलाडेल्फिया शहरालाच नेमलं होतं. तोच धागा पकडून १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी यंत्रणा वर्णभेद करू शकत नाही. त्यावर तोड म्हणून शहराचे विश्वस्त काढून खासगी विश्वस्त बसवण्यात आले. १९६५मध्ये भिंतीबाहेर काही महिने रोज निदर्शनं चालली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिथे येऊन भाषण केलं. अखेर १९६८मध्ये ती तोडही न्यायालयात टिकली नाही आणि कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळाला. मुलींना आणखी सोळा वर्षं, १९८४पर्यंत थांबावं लागलं.

जिरार्डला अनाथ मुलांची कणव नव्हती, असं म्हणता येणार नाही. त्याचा हेतू शंभर टक्के खरा होता. पण हेतूबरोबर त्याने आपल्या काळाची नजरही कागदावर गोठवून ठेवली. अट घालताना हेतू काय आणि तपशील काय, हे वेगळं काढता आलं पाहिजे. ‘गरजू मुलांना शिक्षण मिळावं’ हा हेतू दीडशे वर्षं टिकतो. ‘अमुक जातीच्या’, ‘अमुक गावच्या’, ‘अमुक अभ्यासक्रमाच्या’ हे तपशील तीस वर्षांतही शिळे होतात. आपल्याकडेही गावच ओस पडलं, तुकडीच बंद झाली, योग्य उमेदवार वर्षानुवर्षं आला नाही, म्हणून पडून राहिलेले निधी संस्थांच्या ताळेबंदांत असतात.

तिकडेच एवढ्या देणग्या का?

इंग्लंड-अमेरिकेत माजी विद्यार्थ्यांच्या मृत्युपत्रांतून शाळांना सतत पैसा येतो, आपल्याकडे तो क्वचित येतो. याचं एक कारण संपत्तीचं, दुसरं सवयीचं. पण तिसरं सरळसरळ कराचं आहे. ब्रिटनमध्ये ३ लाख २५ हजार पौंडांच्या वरच्या मालमत्तेवर वारसा कर सर्वसाधारणपणे ४० टक्के बसतो. धर्मादाय संस्थेला दिलेली रक्कम त्यातून पूर्ण वगळली जाते. शिवाय करपात्र मालमत्तेचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त दान केला तर उरलेल्यावरचा दर ३६ टक्क्यांवर येतो. साहजिकच मृत्युपत्र लिहून देणारा वकीलच विचारतो, ‘एखाद्या संस्थेला काही द्यायचंय का?’

भारतातही १९५३ साली मृत्युकर आला होता आणि मोठ्या मालमत्तेवर तो ८५ टक्क्यांपर्यंत चढला होता. १९८५मध्ये तो रद्द झाला. त्यामुळे आज मृत्युपत्रातून दान करणाऱ्याच्या वारसांना करात काहीच फायदा नाही. देणगीवर मिळणारी आयकर सवलत हयातीत दिलेल्या पैशासाठी असते. आपल्याकडचा माणूस मृत्युपत्रात शाळेचं नाव घालतो ते निव्वळ मनापासून. म्हणूनच त्याचं दान कागदाच्या चुकीमुळे वाया जाऊ नये.

एका वाक्यातले खड्डे

हे वाक्य बघा : ‘माझ्या पश्चात माझा पुण्यातील फ्लॅट मी ज्या शाळेत शिकलो तिला द्यावा.’ वाचायला सरळ, पण प्रत्यक्षात खड्ड्यांनी भरलेलं. कायद्याच्या नजरेत शाळा ही बहुधा स्वतंत्र व्यक्ती नसते. मालमत्ता घेऊ शकते ती शाळा चालवणारी नोंदणीकृत संस्था. त्या संस्थेच्या पंचवीस शाळा असतील तर फ्लॅट कोणत्या शाळेसाठी? राहायला, भाड्याने द्यायला की विकायला? विकला तर पैसे पगारावर जातील की वसतिगृहावर? आणि सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून पुतण्याचं नाव लागलेलं असेल तर? नॉमिनी हा मालक नसतो, मालमत्ता वारसांपर्यंत पोचवणारा मधला माणूस असतो. पण हे पुतण्याला पटवण्यात संस्थेची चार वर्षं जातात.

तेच जरा नीट लिहू : ‘माझा अमुक फ्लॅट मी अमुक संस्थेला, सार्वजनिक न्यास नोंदणी क्रमांक अमुक, देत आहे. संस्थेने तो विकून येणारी रक्कम कायम निधी म्हणून गुंतवावी. व्याजातला महागाईएवढा भाग मुद्दलात मिळवावा आणि उरलेल्या रकमेतून अमुक वसतिगृहातल्या गरजू विद्यार्थ्यांच्या भोजनखर्चाला प्राधान्य द्यावं. ते वसतिगृह राहिलं नाही तर याच्या शक्य तितक्या जवळच्या शैक्षणिक कामासाठी हा निधी वापरावा.’ चार वाक्यं झाली, पण पहिल्या वाक्यातले बहुतेक खड्डे बुजले. शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. ते नसेल आणि मूळ उद्देश उरला नाही, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याखाली धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयाकडून जवळचा उद्देश ठरवून घ्यावा लागतो. वाट आहे, पण लांबची.

बाकीचे नियम थोडक्यात. मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. हिंदू व्यक्ती स्वकष्टार्जित मालमत्ता आणि एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्साही मृत्युपत्राने देऊ शकते. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशाच्या वर देता येत नाही. गोव्यात मुलंबाळं असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते, उरलेल्या निम्म्यावरच मृत्युपत्र चालतं. भारतीय वारसा कायद्यातलं एक कलम ख्रिस्ती लोकांच्या धर्मादाय मृत्युपत्रांवर जादा बंधनं घालत असे. मृत्यूच्या किमान वर्षभर आधी मृत्युपत्र केलेलं असावं, ही त्यातली एक. केरळमधल्या एका धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं.

शेतजमिनीचं मात्र जपून. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन हस्तांतरित करायला कूळकायद्याचा अडसर आहे. गुजरातेत लागू असलेल्या त्याच मूळ मुंबई कायद्याबद्दल २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन मृत्युपत्रालाही लागतं असं सांगितलं. लॉरेन्स शेरिफसारखं कुरण देण्याची हौस असणाऱ्याने आधी वकील गाठावा. शिवाय संस्थेच्या नावे झालेली स्थावर मालमत्ता पुढे विकायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, हेही ध्यानात ठेवावं.

बोर्डिंगचं ऋण, दुसऱ्या वाटेने

महाराष्ट्रात बोर्डिंगचा इतिहास श्रीमंतांच्या मुलांपासून सुरू होत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली, कारण खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचं तर आधी राहायला आणि जेवायला जागा हवी होती. त्यातल्या जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील राहिले. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेल्याच्या कारणावरून त्यांचं आणि बोर्डिंगचालकांचं बिनसलं आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. पुढे त्यांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले गेले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. ज्या बोर्डिंगने काढून टाकलं तिच्यातली कमतरता भरून काढणारं बोर्डिंग उभारणं, ही परतफेडीची आणखी एक तऱ्हा. साताऱ्याच्या त्या वसतिगृहातले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, तरी वकिलीत न रमता संस्थेच्या कामात परतले. तिथली परतफेड मालमत्तेपेक्षा आयुष्यातली वर्षं देऊन झाली.

आता मात्र त्याच वसतिगृहांतून बाहेर पडलेल्या दोन-तीन पिढ्या निवृत्तीच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे आहेत. पुण्या-मुंबईत त्यांचे फ्लॅट आहेत, मुदत ठेवी आहेत, कित्येकांची मुलं परदेशात स्थिरावलेली आहेत. मृत्युपत्रातून देण्याची खरी क्षमता महाराष्ट्रात पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर तयार झाली आहे.

सांगून दिलेलं

तिसरा प्रश्न सांभाळणाऱ्याचा. त्यावर बार्न्स वॉलिस यांनी काढलेला तोडगा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ते ख्राइस्ट्स हॉस्पिटल या इंग्लंडमधल्या १५५२पासूनच्या निवासी शाळेचे विद्यार्थी. गरजू घरांतल्या मुलांना आश्रय देण्यासाठी निघालेली ही शाळा. वॉलिस विमानांचे अभियंते झाले आणि दुसऱ्या महायुद्धात पाण्यावर टप्पे घेत धरणावर आदळणारा बॉम्ब त्यांनी तयार केला. मे १९४३च्या त्या हल्ल्यात जर्मनीतली दोन मोठी धरणं फुटली. पुरात हजाराहून जास्त माणसं बुडाली, त्यांत सक्तीने आणलेले परदेशी मजूर बरेच होते. गेलेल्या १३३ वैमानिक-सैनिकांपैकी ५३ मारले गेले, आणि त्याचा सल वॉलिसना जन्मभर राहिला.

१९५१मध्ये सरकारने युद्धकाळातल्या शोधांबद्दल त्यांना १० हजार पौंड दिले. त्यांनी ते शाळेकडे सोपवून एक न्यास स्थापन केला : हवाई दलात कामी आलेल्या किंवा जायबंदी झालेल्या माणसांच्या मुलांना या शाळेत शिकता यावं. पुढे ते स्वतः शाळेच्या कारभारात पडले, खजिनदार झाले आणि १९७०पर्यंत तिथे काम केलं. आपण घातलेली अट चालते का, कुठे अडते, कोणाला प्रवेश मिळतो, हे त्यांना डोळ्यांनी बघता आलं. १९७९मध्ये ते वारले तेव्हा त्या निधीचा अर्थ सांगायला शाळेला कोणाच्या मृत्युपत्राचा कीस पाडावा लागला नाही.

प्रत्येकाला हयातीत सगळं देऊन टाकणं परवडत नाही. म्हातारपण लांबलंय, दवाखाने महागलेत, डोक्यावरचं छप्पर शेवटपर्यंत हवंच. म्हणून मोठा वाटा मृत्युपत्रातच राहणार आणि तसाच राहावा. पण थोडा वाटा आधी देऊन बघता येतो. दोन मुलांचा वर्षाचा भोजनखर्च उचलावा, संस्था हिशेब कसा देते, पत्राला उत्तर येतं का, पैसे सांगितलेल्या कामाला लागतात का, हे तीन-चार वर्षं पाहावं. विश्वस्तांना मृत्युपत्रातला मजकूर आधीच दाखवावा. घरच्या वारसांनाही सांगून ठेवावा, कारण बहुतेक दावे पैशापेक्षा अचानक कळल्याच्या रागातून उभे राहतात. संस्थेचा अनुभव बरा आला तर रक्कम वाढवावी, नाही आला तर मृत्युपत्र बदलावं. हयात असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येतं, आणि शेरिफने महिनाभरात बदललं म्हणूनच रग्बीला आठ एकर मिळाले.